तुमची गाडी कितव्या टप्प्यात चार्ज होते?

‘रुपयाला एक किलोमीटर.’ इलेक्ट्रिक गाडीच्या कुठल्याही शोरूममध्ये जा, पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य कानावर पडतं. पुढे पेट्रोलचा आकडा येतो, मग दोन्हींची वजाबाकी, आणि वर्षाची बचत ऐकून माणूस बुकिंगच्या टेबलाशी जातो.

मी वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग गाळ्यात कॉस्टिंग बघते. एका पार्टला माल किती, मशीनचे तास किती, वीज किती, हे पैशापर्यंत काढणं माझं रोजचं काम. त्यामुळे कुणी गोल आकडा समोर ठेवला की तो आला कुठून, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. रुपयाला किलोमीटर हा आकडा खोटा नाही. पण तो ज्या घरात खरा ठरतो, तसं घर आमच्या ठाणे-डोंबिवलीत मोठ्या मुश्किलीने सापडेल. आम्ही स्वतः इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे आणि ती घेतल्याचं समाधानही आहे. म्हणूनच हा हिशेब नीट मांडावासा वाटतो. चुकीच्या आकड्यावर गाडी घेतलेला माणूस वर्षभराने बिल हातात घेऊन सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांना नावं ठेवत बसतो.

विजेची गाडी मुळात स्वस्त का पडते, ते आधी बघू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पण इंजिन त्यातला जेमतेम पाव ते एक तृतीयांश हिस्सा चाकापर्यंत पोचवतं. बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. इलेक्ट्रिक मोटर बॅटरीतल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग चाकाला देते आणि ब्रेक लावताना थोडी परतही घेते. त्यामुळे मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात बॅटरीतल्या एका युनिटमध्ये सातेक किलोमीटर जाते.

इथे पहिली खाच आहे. बॅटरीतलं युनिट आणि मीटरवरचं युनिट एक नव्हे. आम्ही पार्किंगमधल्या सॉकेटला वेगळा सबमीटर लावून घेतला. गाडीचा डॅशबोर्ड म्हणतो वीस युनिट भरली, सबमीटर म्हणतो तेवीस. मधली तीन युनिट जातात एसीचं डीसी करताना चार्जरच्या उष्णतेत, वायरमध्ये आणि बॅटरी थंड ठेवण्यात. रात्री चार्जरला हात लावून बघा, चांगला गरम लागतो. ती उष्णता बिलात येते. तेव्हा हिशेबाला मीटरवरच्या एका युनिटला सहा किलोमीटर धरावेत. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मग १६७ युनिट लागतात.

आता या १६७ युनिटांचा दर कोणता लावायचा? सगळा घोळ इथे होतो.

महावितरणचा घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वहन आकार धरून ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे आणि त्याच्या वर १७ रुपये ८१ पैसे असा दर होता. यावर १६ टक्के वीज शुल्क. ते मिळवलं की चार पायऱ्या होतात अनुक्रमे ६.८२, १३.२९, १८.२४ आणि २०.६६ रुपयांच्या. नंतर आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण पायऱ्या त्याच आहेत. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो मी बाजूला ठेवते.

शोरूमचा रुपया पहिल्या पायरीवरून येतो. ६ रुपये ८२ पैशांना सहा किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपयाच्याही आत. पण पहिली १०० युनिट तुमच्या घरात कोण वापरतं? फ्रिज, पंखे, गीझर, टीव्ही, वॉशिंग मशीन. गाडी घरात यायच्या आधीच ती संपलेली असतात. कारखान्यात दिवसपाळी भरलेली असताना नवा जॉब आला, तर त्याला आम्ही दिवसपाळीचा दर लावत नाही, ओव्हरटाइमचा लावतो. घरच्या मीटरवर गाडी हा ओव्हरटाइमचा जॉब आहे.

आमच्या डिस्पॅचच्या काकांशी याच मुद्द्यावर चहाच्या वेळी बराच वाद झाला. काकांनी आपलं जुनं बिल काढलं, रक्कम भागिले युनिट केलं आणि म्हणाले, “मॅडम, मला युनिट पावणेदहाला पडतं. गुणिले १६७, सोळाशे रुपये. झालं की!” मी त्याच बिलाच्या मागे मांडून दाखवलं. त्यांचा वापर १८० युनिटांचा. गाडीची पहिली १२० युनिट दुसऱ्या पायरीवर पडतात, त्यांचे १,५९५ रुपये. उरलेली ४७ तिसऱ्या पायरीवर चढतात, त्यांचे ८५७. एकूण २,४५२ रुपये. काकांच्या अंदाजापेक्षा महिन्याला आठशे रुपये जास्त. किलोमीटरला झाले २ रुपये ४५ पैसे.

हेच मे महिन्यात करून बघा. डोंबिवलीत मे महिन्यात एसीशिवाय झोप लागत नाही आणि दोन खोल्यांत एसी असला की घरचाच वापर साडेतीनशे युनिटांवर जातो. त्या महिन्यात गाडीची जवळजवळ सगळी युनिट तिसऱ्या पायरीवर, शेवटची थोडी चौथ्या पायरीवर. खर्च ३,०८७ रुपये, किलोमीटरला ३ रुपये ९ पैसे. ज्यांचं बिल बाराही महिने ५०० युनिटांच्या वर आहे, त्यांना किलोमीटर ३ रुपये ४४ पैशांना पडतो. गाडी तीच, रस्ता तोच, आणि एकाच इमारतीतल्या दोन घरांत खर्चात जवळजवळ दीडपट फरक.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोलच्या गाडीला हजारावा किलोमीटर पहिल्याइतकाच महाग असतो. घरच्या मीटरवर चार्ज होणारी गाडी जितकी जास्त चालेल तितका पुढचा किलोमीटर महाग होत जातो. काकांच्याच घरी महिन्याला दोन हजार किलोमीटर धरले, तर सरासरी २.४५ वरून पावणेतीनवर जाते.

आता समोरची बाजू. राज्याच्या २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतला पेट्रोलवरचा कर २६ वरून २५ टक्के आणि डिझेलवरचा २४ वरून २१ टक्के झाला. त्यानंतरही आपल्याकडे पेट्रोल १०३ रुपयांच्या वर आणि डिझेल ९० च्या आसपास. पेट्रोल गाडी या रस्त्यांवर लिटरला तेरा किलोमीटर देते, असं धरलं तर किलोमीटरला आठ रुपये. कंपनीच्या पत्रकातले अठरा-वीस किलोमीटर इथे चालत नाहीत, कारण पत्रक लिहिणाऱ्याला माजिवडा माहीत नसतो.

माजिवड्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. डोंबिवलीतून मोठागाव-माणकोली पुलावरून आम्ही नाशिक महामार्गाला लागतो. पुलामुळे शिळफाट्याचा आणि मुंब्रा बायपासचा वळसा वाचला, ते फार मोठं काम झालं. पण पुढे खारेगाव, माजिवडा, कॅडबरी, नितीन कंपनी, तीन हात नाका या ओळीत गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असते. एसी लावून उभी असलेली पेट्रोल गाडी तासाला लिटरभर पेट्रोल पिते. म्हणजे जागच्या जागी शंभर रुपये. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना मोटर बंदच असते, एसी मात्र तासाला एखाद-दीड युनिट घेतो. ते अगदी तिसऱ्या पायरीच्या दराने धरलं तरी वीस-पंचवीस रुपये. पुढेमागे सरकणाऱ्या रांगेत पेट्रोल गाडीचा हिशेब कोलमडतो आणि इलेक्ट्रिकचा टिकतो. उलट द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने गेलात की इलेक्ट्रिकची सरासरी खाली येते आणि पेट्रोलची सुधारते. ठाण्यात दोन गाड्यांतला फरक सगळ्यात जास्त दिसतो, तो या कोंडीमुळे.

पण आपल्याकडे खरी लढत पेट्रोलशी नाहीच. ती आहे सीएनजीशी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत महानगर गॅसचे पंप आहेत, किलोचा दर ८० रुपयांच्या घरात आहे आणि साधी सीएनजी गाडी शहरात किलोला बावीस किलोमीटर सहज जाते. किलोमीटरला ३ रुपये ६४ पैसे. आता वरचे आकडे पुन्हा बघा. २.४५, ३.०९, ३.४४. पहिल्या घराला महिन्याला बाराशे रुपये वाचतात, शेवटच्या घराला दोनशे. सीएनजीवाल्याला ‘पेट्रोलच्या तुलनेत एवढी बचत’ हे ऐकवण्यात काही अर्थ नाही, तो पेट्रोल भरतच नव्हता.

सीएनजीचा दर पंपाच्या पाटीवर दिसतो, रांग पाटीवर दिसत नाही. संध्याकाळी दाब कमी असला की सिलिंडर पुरता भरत नाही आणि दोन दिवसांनी पुन्हा रांगेत यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये गॅसची मुख्य वाहिनी बिघडली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले पंप अडले आणि रिक्षावाल्यांचे रोजगार बुडाले. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने आपल्या तासाची किंमत यात धरायलाच हवी. नोकरदाराला मात्र मी ती धरायला सांगणार नाही. रांगेतला वेळ जातो हे खरं, पण त्याचे पैसे महिन्याच्या शेवटी हातात येत नाहीत.

घरी चार्जिंग नसेल तर काय? मग सार्वजनिक फास्ट चार्जर. तिथे दर युनिटला साधारण वीस ते पंचवीस रुपये पडतो. चार्जिंग ही सेवा धरली जाते, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी. एक फायदा असा, की तिथलं मीटर गाडीत गेलेली युनिट मोजतं, त्यामुळे सात किलोमीटर धरता येतात. तरी खर्च किलोमीटरला तीन ते साडेतीन रुपये. म्हणजे सीएनजीच्या बरोबरीला आलो. ज्यांच्याकडे हक्काचं पार्किंग आणि तिथपर्यंत वायर नाही, त्यांनी पैसे वाचवण्यासाठी इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगते. गाडी शांत चालते, धूर नाही, क्लच नाही, ही कारणं असतील तर जरूर घ्या.

आता गाडीच्या किमतीतला फरक. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकरावरून १८ वर आला आणि इलेक्ट्रिकचा तो फायदा कमी झाला. दुसऱ्या पारड्यात रस्ता कर आहे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के भरावे लागतात, इलेक्ट्रिकला माफी आहे. एमएच ०४ असो की एमएच ०५, आरटीओत हा फरक लाखाच्या घरात जातो, म्हणून तुलना नेहमी ऑन रोड किमतीची करा. थर्ड पार्टी विम्यातही इलेक्ट्रिकला १५ टक्के सवलत आहे. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग हा खर्च नाही.

हे सगळं धरून पेट्रोलच्या आणि इलेक्ट्रिकच्या ऑन रोड किमतीत तीन लाखांचा फरक राहिला असं समजा. काकांच्या घरच्या दराने महिन्याला साडेपाच हजार वाचतात, तीन लाख साडेचार वर्षांत वसूल. दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला अडीच वर्षं पुरतात. सीएनजी गाडीशी दोन लाखांचाच फरक धरला, तरी हजार किलोमीटरवाल्याला वसुलीला चौदा वर्षं लागतात. बॅटरीची वॉरंटी बहुतेक गाड्यांना आठ वर्षांची असते. काकांनी हे बघितलं आणि आपली सीएनजी ठेवली. त्यांचा निर्णय बरोबर आहे.

पुण्याला वारंवार जाणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा निघतो. द्रुतगती मार्गाचा कारचा टोल एका बाजूला ३२० रुपये आहे. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. जाऊन-येऊन ६४० रुपये म्हणजे काकांच्या घरच्या दराने अडीचशेहून जास्त किलोमीटरची वीज. मुंबईच्या वेशीवर मात्र अशी वेगळी बचत उरलेली नाही. आनंदनगर आणि मुलुंडचे नाके ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच लहान गाड्यांना मोफत झाले.

मग पायरीतून सुटका कशी करायची? मार्ग आहेत, पण ते एकट्या घराच्या हातात कमी आणि सोसायटीच्या हातात जास्त आहेत.

राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी केली. तिच्यात घरगुतीसारख्या चढत्या पायऱ्या नाहीत. पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच दराचं. सोसायटीने चार्जिंगसाठी असं वेगळं कनेक्शन घेतलं, प्रत्येक जागेला सबमीटर लावला, तर सभासदाची गाडी त्याच्या घरच्या एसीच्या डोक्यावर चढून बसत नाही. घरच्या मीटरवरून चार्ज केलं तर मात्र घरगुतीच दर लागतो. बिलाचा चढ लागतो तो इथेच.

छपराचाही उपयोग करता येतो. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे आणि त्या सामायिक वापरात वाहन चार्जिंगचा स्पष्ट उल्लेख आहे. एक किलोवॅट सौर पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट देतं, पावसाळ्यात कमी. आमच्या भागातल्या कित्येक इमारतींच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, पॅनेल नाही.

सोसायटीत परवानगी मागताना होणारा त्रास आम्हीही भोगला. कुणी आग लागेल म्हणालं, कुणी सामायिक बिल वाढेल म्हणालं. या शंकांना चिडून उत्तर देऊ नका. आग वायरिंगमुळे लागू शकते, हे खरंच आहे. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून रात्रभर सलग भार वाहिला की आतला पितळी संपर्क तापतो, प्लगच्या पिनांभोवती प्लास्टिक तपकिरी पडतं. तो तपकिरी डाग दिसला की त्याच दिवशी चार्जिंग थांबवावं. मीटर रूमपासून गाडीपर्यंत चार चौरस मिलीमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग, एवढं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि त्याचा चाचणी अहवाल कमिटीला द्या. आमच्याकडे वाद त्या कागदाने मिटला.

शेवटचा मुद्दा वागळे इस्टेटचा. राज्य औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्याच्या कामाचा आरंभ याच वसाहतीतून झाला. आज इथले किती तरी कारखाने गेले, त्यांच्या जागी आयटी पार्क उभे आहेत आणि हजारो गाड्या सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा इथल्या रस्त्यांच्या कडेला नुसत्या उभ्या असतात. नेमक्या याच वेळी सौरऊर्जेमुळे राज्यात वीज मुबलक असते. म्हणूनच जुलै २०२५ पासून वापराची वेळ नोंदणारे टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. पण नोकरदाराची गाडी त्या वेळी घरी नसते, ती इथे असते. दुपारची स्वस्त वीज आणि चार्ज व्हायला मोकळी असलेली गाडी एकाच आवारात आहेत, मधे फक्त सॉकेट नाही.

औद्योगिक मीटरलाही वापराच्या पायऱ्या नाहीत. तेव्हा गाळ्याचा स्वतःचा माल वाहणारा टेम्पो रोज ठरलेल्या फेऱ्या करत असेल, तर तो इलेक्ट्रिक करून गाळ्यातच चार्ज करणं घरच्या कुठल्याही गाडीपेक्षा आधी परवडतं. आमच्या मालकांना मी तसा कागद करून दिला आहे. कामगारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या गाड्यांसाठी चार्जिंगच्या वर्गवारीतला वेगळा मीटर घ्यावा, आवारात चार-सहा सॉकेट द्यावेत आणि युनिटाचे पैसे पगारातून वळते करावेत, असंही त्यात लिहिलं आहे. वागळे इस्टेटमधल्या गाळेमालकांना आणि आयटी पार्कच्या व्यवस्थापनाला माझी हीच विनंती आहे. आणि गाडी घ्यायला निघालेल्या वाचकाने शोरूममध्ये जाण्याआधी घरचं मे महिन्याचं बिल काढून शेवटचं युनिट कितव्या टप्प्यात पडलं ते बघावं, आणि तोच दर हिशेबाला धरावा.